संरक्षणविषयक नियतकालिकासाठी लेख : एक अभ्यास

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'जर्नल' म्हटले की प्रथम रोजकीर्द आठवते. रोजच्या व्यवहाराची नोंद आधी रोजकीर्दीत होते, मग ती खतावणीत जाते आणि शेवटी तेरीज जुळते की नाही ते पाहावयाचे. परंतु 'जर्नल' या शब्दाला विद्येच्या क्षेत्रात दुसराही अर्थ आहे. एखाद्या विषयाचे जाणकार आपले संशोधन ज्यात प्रसिद्ध करतात व एकमेकांचे तपासून घेतात, ते नियतकालिक म्हणजेही जर्नलच. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रकारच्या नियतकालिकांचा, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा व संरक्षण या विषयाला वाहिलेल्या नियतकालिकांचा, विचार करावयाचा आहे. त्यांत लेख कसा पाठवतात, तो कसा तपासला जातो, आणि या विषयावर लिहिणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे तीन प्रश्न मी येथे घेतले आहेत.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, संरक्षण हा केवळ बंदुकांचा विषय नाही, तो पैशाचाही विषय आहे. शिवाय आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला गावागावांत माजी सैनिकांची घरे आहेत. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी किंवा साताऱ्याकडील अपशिंगे या गावांची तर ओळखच सैन्यामुळे आहे. ज्या विषयाशी आपल्या भागातील इतक्या घरांचा संबंध आहे, त्या विषयावरील लेखन मात्र आपल्याकडून जवळजवळ होतच नाही. ते दिल्लीत होते आणि इंग्रजीत होते. असे का व्हावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

ही नियतकालिके कोणती?

भारतात या क्षेत्रातील सर्वांत जुनी परंपरा युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेची. चार्ल्स मॅकग्रेगर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८७० साली सिमल्याला तिची स्थापना झाली आणि १८७१ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. आरंभी ते ब्रिटिश अधिकाऱ्यांचेच होते. स्वातंत्र्यानंतर संस्था दिल्लीला आली आणि नियतकालिक आपल्या सेनाधिकाऱ्यांचे व अभ्यासकांचे झाले. दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेले असे नियतकालिक आपल्या देशात विरळाच.

दुसरी महत्त्वाची संस्था म्हणजे दिल्लीची संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था. तिची स्थापना नोव्हेंबर १९६५ मध्ये झाली. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ते दिल्लीला गेले होते, आणि संरक्षणाचा अभ्यास हा केवळ खात्याच्या कचेरीत न राहता स्वतंत्रपणे व्हावा, ही निकड त्या पराभवानंतर सर्वांनाच जाणवू लागली होती. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या विचारवंताने या संस्थेचे नेतृत्व केले. १९७७ पासून तिचे 'स्ट्रॅटेजिक अॅनॅलिसिस' हे नियतकालिक निघते, आणि पुढे 'जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज' हे दुसरेही सुरू झाले. २०२० साली या संस्थेला गोव्याचे सुपुत्र व माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. म्हणजे संस्थेच्या जन्माशी एक मराठी माणूस जोडलेला आहे आणि तिच्या नावाशी गोव्याचा. हे लक्षात घेतले तर हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

परदेशात अमेरिकेतील 'इंटरनॅशनल सिक्युरिटी' हे त्रैमासिक १९७६ पासून निघते. हार्वर्ड विद्यापीठातील एका केंद्रात त्याचे संपादन होते. 'फॉरेन अफेअर्स' हे १९२२ पासूनचे नियतकालिक निराळ्या प्रकारचे आहे. त्यात लेख निवडण्याचा अधिकार संपादकांचा असतो. पहिल्या प्रकारात मात्र लेख आधी तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो. हा फरक पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

लेख पाठवण्यापूर्वी

पहिली पायरी म्हणजे प्रश्न निश्चित करणे. 'भारताचे संरक्षण' हा निबंधाचा विषय झाला, लेखाचा नव्हे. लेखाला एक प्रश्न हवा, आणि तो असा हवा की त्याचे उत्तर चुकीचेही निघू शकेल. मी एक उदाहरण घेतो.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६,८१,२१० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी निवृत्तिवेतनासाठी सुमारे १,६०,७९५ कोटी, म्हणजे शेकडा २३.६, आणि सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी १,८०,००० कोटी, म्हणजे शेकडा २६.४. आता प्रश्न असा : निवृत्तिवेतनाचा भार वाढल्यामुळे नवी विमाने, जहाजे व तोफा घेण्यासाठी पैसा कमी पडतो काय?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. पण हिशेब पाहू लागलो की ते सोपे राहत नाही. संसदेपुढे संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या चार भागांत येतात : नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. चारही मिळून वरचा आकडा होतो. निवृत्तिवेतनाची मागणी स्वतंत्र आहे. तेव्हा ती कमी केली तर वाचलेला पैसा आपोआप तोफखान्याकडे जाईल, असे समजण्यास आधार नाही. तो रस्त्यांकडेही जाऊ शकतो. शिवाय या रकमेत केवळ सैनिकांचे नव्हे, तर संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्यांचेही निवृत्तिवेतन येते. २०१५ साली 'समान पद समान निवृत्तिवेतन' लागू करण्याचा निर्णय झाला आणि २०२२ मध्ये चार वर्षांच्या मुदतीची अग्निपथ योजना आली. पहिल्याने भार वाढला. दुसरीने तो पुढे कमी होईल असे म्हणतात, पण आज निवृत्तिवेतन घेणारे हे पूर्वीच्या भरतीतील असल्याने तिचा परिणाम हिशेबात दिसण्यास पुष्कळ वर्षे लागतील. म्हणजे एका प्रश्नातून चार प्रश्न निघाले. लेखकाने त्यांतील एक निवडावा व त्याचाच शेवटपर्यंत पाठपुरावा करावा.

येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्याला आपण शेकडा २३.६ म्हणतो, तो सैनिक टाकळीतील एखाद्या विधवेचा महिन्याचा आधार असतो. म्हणून आकडा मांडताना हात आखडावा, असे मला म्हणावयाचे नाही. आकडा अचूक मांडावा, आणि त्यातून जितके निघते तितकेच काढावे, एवढेच. दिल्लीत लिहिणाऱ्याला हा आकडा रकान्यात दिसतो. आपल्याला तो शेजारच्या घरात दिसतो. हा आपला अधिक गुण होय, मात्र तो भावनेच्या भरात वाया जाऊ देता कामा नये.

तळटीप म्हणजे प्रमाणक

हिशेबतपासणीत आम्हांला पहिला धडा शिकवतात तो प्रमाणकांचा. रोजकीर्दीत नोंद आहे, पण तिच्या मागे पावती किंवा बिल नाही, तर हिशेबतपासनीस ती नोंद मान्य करीत नाही. मालक कितीही प्रतिष्ठित असो, "माझ्यावर विश्वास ठेवा" हे प्रमाणक होऊ शकत नाही. लेखातील तळटीपेचे काम नेमके हेच आहे. वाक्य ही नोंद, तळटीप हे तिचे प्रमाणक. परीक्षक हा हिशेबतपासनीस.

संरक्षणाच्या विषयात प्रमाणके कोठून आणायची, सर्व तर गुप्त असते, असा एक समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे. अर्थसंकल्पाची कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. संरक्षण मंत्रालयाचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात. १९९३ पासून संसदेच्या स्थायी समित्या काम करीत आहेत व त्यांत संरक्षणाची समितीही आहे. तिच्या अहवालांत खुद्द मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांची उत्तरे वाचावयास मिळतात. महालेखापरीक्षकांचे अहवाल तर वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आपल्याच भाषेत लिहिल्यासारखे वाटतील. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २००० साली संसदेपुढे ठेवला गेला आणि काही भाग वगळून पुस्तकरूपानेही निघाला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सुरक्षेला बाधा आणणारी माहिती वगळली आहे, परंतु सैन्याशी संबंधित सर्वच माहिती वगळलेली नाही.

थोडक्यात, कागद कमी नाहीत. ते चिकाटीने वाचणारे कमी आहेत.

लेखाचा प्रवास

लेख तयार झाला म्हणजे तो पाठवावयाचा. आज हे काम बहुधा संगणकावरूनच होते. प्रत्येक नियतकालिक लेखकांसाठी सूचना देते. शब्दमर्यादा, तळटीपांची पद्धत, गोषवारा किती ओळींचा, हे सर्व त्यांत असते. या सूचना न वाचता पाठवलेला लेख संपादकाच्या टेबलावरूनच परत येण्याचा संभव अधिक. त्या नियतकालिकाचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक चाळणेही आवश्यक आहे. आपल्या प्रश्नावर तेथे आधीच चर्चा झालेली असेल, तर तिची दखल न घेणे हा अभ्यासातील दोष ठरतो. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये, हा सर्वमान्य संकेत आहे. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून घातले तर ते पकडणारी यंत्रे आता निघाली आहेत. लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असल्यास ती उघड सांगावी, असाही नियम बऱ्याच ठिकाणी झाला आहे.

संपादकाला लेख विचार करण्याजोगा वाटला तर तो परीक्षणाला जातो. 'इंटरनॅशनल सिक्युरिटी'सारख्या नियतकालिकांत हे परीक्षण दोन्ही बाजूंनी अज्ञात असते. लेखकाचे नाव परीक्षकाला कळत नाही, परीक्षकाचे लेखकाला कळत नाही. त्यासाठी लेखातून आपले नाव, संस्था, आभार हे सर्व काढून टाकावे लागते. नंतर परीक्षकांची मते येतात. लेख जसाच्या तसा स्वीकारला जाणे दुर्मीळ. 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा' असे उत्तर आले तर तो अपमान समजू नये, ते निम्मे यशच होय. नकार आला तरी त्यासोबतचे परीक्षण जपून ठेवावे. एका अनोळखी जाणकाराने आपला लेख फुकट वाचून त्यातील दोष लिहून दिलेले असतात, आणि अशी शिकवणी पैसे देऊनही मिळत नाही.

याच्या उलट, पैसे भरा आणि आठवड्यात लेख छापून घ्या, अशा जाहिराती करणारी नियतकालिकेही आज पुष्कळ आहेत. त्यांत तपासणी नसते. ज्या हिशेबाची तपासणीच झाली नाही, त्यावर सही करून घेण्यात काय अर्थ?

नाव झाकण्याचे दोन प्रकार

परीक्षणात नाव झाकतात ते कशासाठी? लेख सेनापतीचा आहे की विद्यार्थ्याचा, दिल्लीचा की बेळगावचा, याचे वजन तराजूत पडू नये म्हणून. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इंग्रजी बोलताना जो संकोच वाटतो, तो तेथे कोणाला दिसत नाही. युक्तिवाद तेवढा दिसतो.

परंतु या क्षेत्राच्या इतिहासात नाव झाकण्याचा दुसराही एक प्रसिद्ध प्रकार घडलेला आहे. अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी १९४७ च्या आरंभी नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांच्यासाठी सोव्हिएट धोरणावर एक टिपण तयार केले. त्याच सुमारास 'फॉरेन अफेअर्स'चे संपादक हॅमिल्टन फिश आर्मस्ट्राँग यांनी त्यांच्याकडे लेख मागितला. केनन सरकारी नोकरीत होते. त्यांनी फॉरेस्टल यांना विचारले, परराष्ट्र खात्याच्या संबंधित समितीची परवानगी घेतली, आणि आपले नाव खोडून तेथे 'एक्स' असे अक्षर लिहिले. लेख जुलै १९४७ च्या अंकात आला. तोवर केनन परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचे प्रमुख झाले होते. थोड्याच दिवसांत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे आर्थर क्रॉक यांनी लेखक कोण असावा हे ताडले, आणि एका माणसाचा लेख अमेरिकेचे अधिकृत धोरण म्हणून वाचला जाऊ लागला. वॉल्टर लिपमन यांनी त्यावर लेखमाला लिहून कडक टीका केली, आणि तिचे पुढे 'द कोल्ड वॉर' हे पुस्तक झाले. सोव्हिएट विस्ताराला पायबंद घालण्याचा आपला विचार मुख्यतः राजकीय होता, तो लष्करी अर्थाने घेतला गेला व आपण ते पुरेसे स्पष्ट केले नाही, असे केनन यांनी पुढे आपल्या आठवणींत म्हटले.

या उदाहरणातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, परवानगीचा मार्ग त्यांनी सोडला नाही. दुसरी, सुरक्षेच्या विषयात अस्पष्ट शब्द फार दूर जातो. व्याकरणाची चूक संपादक दुरुस्त करील, पण संदिग्ध शब्दाचा अर्थ वाचणारा आपापल्या सोयीने लावील, आणि तो वाचणारा सत्तेवर असेल तर त्या अर्थाची किंमत भलत्यालाच मोजावी लागेल.

मर्यादा कोठे?

आता अवघड प्रश्नाकडे वळतो. आपल्या देशात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. गुपित फोडणाराच नव्हे, तर जाणूनबुजून ते स्वीकारणाराही त्यात सापडतो. लष्करात असणाऱ्याला सेवेच्या विषयावर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही प्रसिद्ध करता येत नाही, असे १९५४ च्या लष्करी नियमांतील २१ वा नियम सांगतो. २०२१ साली निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल करून गुप्तवार्ता व सुरक्षा संस्थांतील निवृत्त अधिकाऱ्यांनाही अशी परवानगी आवश्यक करण्यात आली. या नियमांमुळे अनुभवी माणसे लिहिण्याचे टाळतात, अशी तक्रार ऐकू येते, आणि तीत तथ्य आहे. पण म्हणूनच नागरी अभ्यासकाची जबाबदारी वाढते. ज्याला बोलण्याची मोकळीक आहे त्यानेही गप्प बसावे काय?

मात्र केवळ उघड साधने वापरली की सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. १९७९ साली अमेरिकेत हॉवर्ड मोरलँड या लेखकाने उघड मिळणाऱ्या माहितीवरून हायड्रोजन बाँबच्या रचनेवर लेख लिहिला. 'द प्रोग्रेसिव्ह' हे मासिक तो छापणार होते. सरकारने न्यायालयात जाऊन मार्च महिन्यात मनाई मिळवली. सुटे तुकडे गुप्त नसले तरी त्यांची जोडणी धोक्याची आहे, असा सरकारचा पक्ष होता. तशीच माहिती अन्यत्र छापली गेल्यावर सप्टेंबरात सरकारने खटला सोडला आणि नोव्हेंबरच्या अंकात लेख आला. या प्रकरणात कोणाचा पक्ष खरा, यावर मतभेद आहेत. मला स्वतःला असे वाटते की, धोरणावरील लेख आणि कृतीची पाककृती यांत फरक करावा. 'हे शस्त्र घ्यावे की नाही' हा प्रत्येक करदात्याचा प्रश्न आहे. 'हे शस्त्र कसे बनते' हा तसा नाही. पहिल्या प्रश्नावर आपल्याला बोलू दिले पाहिजे, कारण खर्चही आपला आणि जाणारी माणसेही आपलीच.

भाषेचा प्रश्न

ही सर्व नियतकालिके इंग्रजीत आहेत, हे आपल्यापुढील खरे संकट. माझ्या मते त्याला उपाय आहे. युक्तिवाद प्रथम आपल्या भाषेत मांडावा. मराठीत मांडताना ज्या वाक्याचा अर्थ आपल्यालाच सांगता येत नाही, ते वाक्य इंग्रजीत जाऊन शहाणे होत नाही. जड इंग्रजी शब्दांच्या आड पोकळ विचार लपतो, मायबोलीत तो लपत नाही. मराठीतून शिकल्याचा हा एक लाभच म्हणावा लागेल. कन्नड विभागातील मित्रांनाही ही गोष्ट तितकीच लागू पडते. एकाच मुद्द्याचा मसुदा मराठीत व कन्नडमध्ये करून पाहावा. दोन्हीकडे तो टिकला तर इंग्रजीतही टिकेल.

पहिलाच लेख मोठ्या नियतकालिकात यावा, अशी अपेक्षा ठेवू नये. आरंभ पुस्तक-परीक्षणाने करावा. संरक्षणावरचे एक पुस्तक नीट वाचून, त्यातील एक दावा मूळ अहवालाशी ताडून पाहून पंधराशे शब्द लिहावेत. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात निदान एक संरक्षणविषयक नियतकालिक मागवले जावे, आणि वाणिज्य, इतिहास व राज्यशास्त्र या विभागांनी मिळून वर्षातून एकदा अर्थसंकल्पातील संरक्षणाच्या मागण्यांचे सामूहिक वाचन करावे, अशी माझी प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे. त्यासाठी खर्च थोडा आणि कागद सारे उघड आहेत. उणीव आहे ती बसून वाचण्याची, आणि वाचलेले दुसऱ्याच्या तपासणीला देण्याच्या धैर्याची.